आवडता खेळाडू शेजारी बसायला आला आणि मी त्याला हाकललं

राखीव_खेळाडू:
लोकहो, लिहावं की नाही यातच आठवडा गेला, शेवटी म्हटलं इथे मला कोण ओळखतंय, लिहून टाकू.

विमानतळावर होतो, फ्लाइट लेट, गेटसमोरच्या खुर्च्या जवळपास भरलेल्या आणि माझ्या शेजारच्या खुर्चीवर मी माझी बॅग ठेवलेली. मोबाईलमधे डोकं घालून बसलो होतो. समोर कोणाचे तरी बूट येऊन थांबले म्हणून वर बघितलं तर तो. नाव सांगणार नाही, सांगितलं की पुढचे शंभर प्रतिसाद तो ओव्हररेटेड होता का यावरच जातील, तुम्हाला मी ओळखतो. एवढंच सांगतो की फुटबॉलमधला मिडफिल्डर, आता रिटायर झालाय, आणि माझ्या खोलीत पंधरा वर्षं त्याचं पोस्टर होतं, कोपरे फाटले तरी टेप लावून लावून जपलेलं. टोपी नाही गॉगल नाही बॉडीगार्ड नाही, एकटाच, खांद्याला सॅक. त्याने बॅगेकडे बोट दाखवून विचारलं, "इज धिस सीट टेकन?"

आणि मी म्हणालो "येस".

माझ्या डोक्यात ते "येस येस, बसा ना" असं होतं हो. तोंडातून नुसतंच येस बाहेर पडलं. तो सॉरी म्हणाला, हसला, आणि पलीकडच्या रांगेत जाऊन बसला. पुढची चाळीस मिनिटं तो तिकडे, मी इकडे, आणि माझ्या शेजारी ती बॅग. मधे एकदा त्याने वळून त्या खुर्चीकडे बघितलं पण, बहुतेक कोण येणार होतं ते आलं का बघायला.

तर प्रश्न असा की असं कोणाचं झालंय का, आणि नंतर मी उठून त्याच्याकडे जायला हवं होतं का? मला वाटत राहिलं की आता गेलो तर आधी त्या येसचं स्पष्टीकरण द्यावं लागेल.

डावा_पाय:
😂😂😂 पंधरा वर्षं पोस्टर आणि खुर्ची दिली बॅगेला

हाफटाइम:
बॅग कशी होती?

राखीव_खेळाडू:
@हाफटाइम हिरवी, साधी सॅक. का?

हाफटाइम:
सहज.

ऑफसाइड_काका:
तुम्ही एकटे नाही. असं गोठून जाणं जवळजवळ सगळ्यांचंच होतं आणि त्याला कारण आहे असं मला वाटतं. आपण त्या माणसाला शेकडो तास बघितलेलं असतं, तो चिडला की खालचा ओठ कसा चावतो हेसुद्धा आपल्याला माहीत, आणि त्याने आपल्याला शून्य सेकंद बघितलेलं असतं. म्हणजे आपण जुन्या मित्राला भेटतोय आणि तो एका अनोळखी माणसाला भेटतोय, एकाच वेळी. मेंदू त्यातलं कुठलं नातं धरून बोलायचं हे ठरवेपर्यंत समोरचा निघून जातो.

पूर्वी हा प्रश्नच नव्हता खरंतर. इंग्लंडमधे १९६१ पर्यंत खेळाडूंच्या पगाराला कमाल मर्यादा होती, शेवटी शेवटी आठवड्याला २० पाउंड. त्यामुळे खेळाडू त्याच गल्ल्यांत राहायचे, त्याच बसने मैदानावर जायचे ज्या बसने प्रेक्षक जायचे. टॉम फिनी, इंग्लंडसाठी ७६ सामने आणि ३० गोल केलेला माणूस, प्लंबिंगचा धंदा करायचा, त्याला प्रेस्टनचा प्लंबरच म्हणायचे. कल्पना करा, नळ गळतोय म्हणून माणूस बोलावला आणि दारात हा उभा. १९६६ च्या वर्ल्डकप फायनलमधे हॅटट्रिक मारणाऱ्या जेफ हर्स्टने दुसऱ्या दिवशी काय केलं तर घरासमोरचं गवत कापलं आणि गाडी धुतली, त्यानेच अनेकदा सांगितलंय हे. कुंपणापलीकडून जाणाऱ्या शेजाऱ्याला काय वाटलं असेल? काही वाटलं नसेल, रोजच दिसायचा की तो.

नव्वद_अधिक_चार:
काका मस्त. पण आत्ताच्या काळातला राजा एकच, तेव्हा चेल्सीकडून खेळणारा फ्रान्सचा कांते. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, १५ सप्टेंबर २०१८, चेल्सीने कार्डिफला ४-१ हरवलं, मॅचनंतर याला पॅरिसला जायची ट्रेन पकडायची होती ती चुकली. मग हा किंग्ज क्रॉसजवळच्या मशिदीत नमाजाला गेला, तिथे काही पोरं भेटली, त्यातल्या एकाने असंच म्हणायचं म्हणून म्हटलं की घरी चल आमच्याकडे, आणि हा खरंच गेला! जेवला, प्लेस्टेशनवर फिफा खेळला, टीव्हीवर दिवसभराच्या मॅचेसच्या हायलाइट्स बघितल्या त्यांच्याबरोबर सोफ्यावर बसून. बरोब्बर दोन महिन्यांपूर्वी १५ जुलैला हा माणूस वर्ल्डकप जिंकलेला होता. मला त्या पोराचं कौतुक जास्त वाटतं, आपण विचारलंच नसतं, आपण गृहीतच धरलं असतं की नाही म्हणेल.

राखीव_खेळाडू:
त्या पोराने वर्ल्डकपवाल्याला घरी नेलं आणि मी खुर्ची दिली नाही. धन्यवाद, आता बरं वाटतंय.

तिसरी_बेंच:
माझा किस्सा सांगते. मीपण नाव घेणार नाही, पण माणूस डिफेंडर होता आणि आता कुठलातरी कोचिंगचा कोर्स करत होता असं त्याच्या बोलण्यातून कळलं. मी लहान असताना एका नॉकआउट मॅचमधे त्याची पेनल्टी अडवली गेली होती आणि मी त्या रात्री इतकी रडले होते की दुसऱ्या दिवशी शाळेत पाठवलं नव्हतं मला. तर हा माणूस लिफ्टमधे. मी आणि तो, दोघंच, अकरा मजले. मी मनात ठरवत होते की म्हणावं तुमचा खेळ आवडतो, थँक्यू, बास. आणि तोंड उघडलं तर बाहेर काय आलं, "त्या पेनल्टीच्या वेळी गोलकीपर लाईन सोडून पुढे आला होता".

हॅलो नाही, काही नाही. एकदम हेच. मला वाटलं संपलं, आता हा मधल्याच मजल्यावर उतरणार. पण त्याचा चेहरा असा काही उजळला म्हणून सांगू, खालच्या मजल्यावर लिफ्ट थांबली तर त्याने दारात पाय अडवून धरला आणि दहा मिनिटं मला सांगत होता की हो, दोन पावलं पुढे होता, मी रेफ्रीला तेव्हाच सांगितलं, कोणी ऐकलं नाही. तेव्हा नियम असा होता की किक मारेपर्यंत कीपरचे दोन्ही पाय लाईनवर पाहिजेत, २०१९ पासून एक पाय किंवा त्याचा थोडासा भाग लाईनवर असला तरी चालतो. तो म्हणाला, आता तर एकच पाय लागतो, आणि त्याचा तर एकही नव्हता! लिफ्ट टीं टीं करून ओरडायला लागली तेव्हा त्याने पाय काढला. फोटो काढायचं दोघांच्याही लक्षात आलं नाही.

यावरून माझं मत असं झालंय की "आय ॲम युअर बिगेस्ट फॅन" हे वाक्य त्यांनी दिवसातून चाळीस वेळा ऐकलेलं असतं, त्याला उत्तर थँक्यू एवढंच असू शकतं. एखादी बारीक गोष्ट काढा, सगळ्यांना आठवतो तो गोल नाही, त्याच्या आधीचा पास काढा. मग तो खेळाडू राहत नाही, फुटबॉलबद्दल बोलणारा माणूस होतो.

डावा_पाय:
@तिसरी_बेंच पण हुकलेली पेनल्टी काढणं म्हणजे जुगार होता हां

तिसरी_बेंच:
जुगार नव्हता, अपघात होता. पण मी त्याच्या बाजूने बोलले हे महत्त्वाचं. "ती पेनल्टी का घालवलीत" असं विचारलं असतं तर अकरा मजले शांततेत गेले असते.

कोरा_कार्ड:
थोडं विरुद्ध मत. मला वाटतं ओपीने (म्हणजे धागा काढणाऱ्याने) नकळत चांगलंच काम केलं. चाळीस मिनिटं त्या माणसाला कोणी त्रास दिला नाही, निवांत बसला. यांचं आयुष्य बघा जरा. २०१९ मधे इजिप्तच्या सालाहने वैतागून ट्वीट केलं होतं, ईदच्या नमाजाला घराबाहेर पडता येत नाहीये म्हणून, स्वतःच्या देशात, स्वतःच्या घरातून. मेस्सी वर्ल्डकप जिंकल्यावर तीन महिन्यांनी, मार्च २०२३ मधे, ब्यूनोस आयर्समधे घरच्यांबरोबर जेवायला गेला तर बाहेर इतकी गर्दी जमली की सिक्युरिटीच्या कड्यातून गाडीपर्यंत जावं लागलं. आणि त्याच वर्षी जुलैमधे तोच मेस्सी फ्लोरिडाच्या सुपरमार्केटमधे ट्रॉली ढकलत फिरतानाचे फोटो आले, बरोबर बायको पोरं, लोक येऊन फोटो काढतायत पण रेटारेटी नाही. मला तर वाटतं तिथल्या इंटर मायामी क्लबशी निम्मा करार त्या ट्रॉलीसाठीच केला असेल त्याने 😀 गंमत सोडा, पण सांगायचं म्हणजे आपला "आयुष्यातला एकमेव क्षण" हा त्यांचा त्या दिवसातला सत्तरावा असतो.

नव्वद_अधिक_चार:
@कोरा_कार्ड हे अर्धंच मान्य. मानधन, जाहिराती, सगळं चाहत्यांमुळेच येतं, मग दोन मिनिटं द्यायला काय जातं? आणि बरेच देतातही. सालाहचंच घे, २०१९ मधेच लिव्हरपूलमधे एक पोरगा त्याच्या गाडीमागे पळत सुटला, सगळं लक्ष गाडीकडे, आणि धाडकन दिव्याच्या खांबावर आपटला, नाकातोंडातून रक्त. सालाह गाडी घेऊन परत आला, विचारपूस केली, फोटो काढला. त्या फोटोत पोराचं नाक सुजलंय आणि चेहऱ्यावर काय आनंद आहे.

कोरा_कार्ड:
तो परत आला हे चांगलंच, पण पोरगं गाडीमागे पळत होतं हे पण बघ की. खांबाच्या जागी दुसरी गाडी असती तर? मी म्हणतो तेच आहे हे.

ऑफसाइड_काका:
भांडू नका. यातला सुवर्णमध्य म्हणजे बिएल्सा. खेळाडू नाही, कोच, पण किस्सा इथे बसतो. २०१८ ते २०२२ इंग्लंडमधल्या लीड्स क्लबचा कोच होता तेव्हा वेदरबी नावाच्या छोट्या गावात साध्या फ्लॅटमधे राहायचा, पाठीला सॅक, अंगात क्लबचाच ट्रॅकसूट, आणि ट्रेनिंग ग्राउंडला चालत जायचा. लोकांना रस्त्यात, सुपरमार्केटमधे, कॉफीच्या दुकानात सारखा दिसायचा. आणि सारखा दिसायचा म्हणूनच कोणी अंगावर धावून जायचं नाही, हात करायचे आणि पुढे जायचे. २०२० मधे सोळा वर्षांनी लीड्स परत प्रीमियर लीगमधे गेलं तेव्हा मात्र लोक थेट त्याच्या घराबाहेर जमले आणि तोही बाहेर येऊन त्यांना भेटला. म्हणजे दुर्मिळ झालं की गर्दी, रोजचं झालं की शेजारधर्म.

हातमोजे_घातलेला:
मी थोडं प्रॅक्टिकल लिहितो कारण मी हे बरीच वर्षं करतोय, नुसतं नशिबावर नाही, थोडं ठरवून. अचानक भेट व्हायची असेल तर ती कुठे होऊ शकते हे माहीत पाहिजे. मॅचच्या दिवशी स्टेडियमबाहेर काही होत नाही, बस येते, हेडफोन लावलेली माणसं उतरतात, आत जातात. आदल्या दिवशी पाहुणी टीम ज्या हॉटेलात उतरते तिथे बरं पडतं, बरेचदा संध्याकाळी पाय मोकळे करायला बाहेर पडतात. जर्मनीत बरेच क्लब काही सराव लोकांसाठी उघडे ठेवतात, तिथे कुंपणाला टेकून उभं राहिलं तरी सही मिळते. बायकांच्या फुटबॉलमधे तर मॅच संपल्यावर खेळाडू कठड्याजवळ येऊन थांबायच्या, गप्पा मारायच्या, ही पद्धतच होती, पण आता गर्दी इतकी वाढलीये की अवघड होत चाललंय. २०२२ च्या युरो फायनलला वेम्बलीत ८७,१९२ लोक होते, कितीजणांना सही देणार.

आणि खरं सोनं म्हणजे रिटायर झालेले आणि खालच्या डिव्हिजनचे. यांना कोणी ओळखत नाही, ओळखलं की इतके खूष होतात! एका फिजिओच्या वेटिंगमधे मला खालच्या डिव्हिजनचा एक कीपर भेटला, दोघांचाही गुडघा बांधलेला, मी त्याला नावाने हाक मारली तर त्याने आधी मागे वळून बघितलं दुसऱ्या कोणाला बोलावतायत का. मग पाऊण तास बोललो. मी पण कीपर म्हणून, म्हणजे आमच्या रविवारच्या टीमचा, त्याने मला बसल्या बसल्या क्रॉसला कधी बाहेर यायचं ते खुर्च्या इकडे तिकडे सरकवून दाखवलं. नंतर त्या खुर्च्या परत लावताना आमची दोघांची अवस्था बघण्यासारखी होती.

सहीबद्दल एक. ते "नाव काय तुझं" विचारून नावासकट सही देतात ना, ते प्रेमाने असतंच पण बरेच जण मुद्दाम करतात, कारण नाव घातलेली जर्सी विकायला जाणारा गिऱ्हाईक शोधत बसतो. गेटवर रोज तेच तेच लोक दहा दहा जर्सी घेऊन उभे असतात, खेळाडूंना तोंडपाठ असतात ते. तर नाव घालून मागा, तुमच्याकडे बघण्याची नजर बदलते. आणि जर्सीवर सही घेताना कापड ताणून धरा, खाली काहीतरी कडक ठेवा, माझ्या पहिल्या सहीचं गांडूळ झालंय.

डावा_पाय:
पोरं बरोबर असतील तर अजिबात जाऊ नये हे पण लिहा. आणि फोन आधी अनलॉक करून कॅमेरा उघडून मग जा, तिथे जाऊन पासवर्ड चुकवणारे बघितलेत मी.

हातमोजे_घातलेला:
+१. जेवत असेल, फोनवर असेल, मुलांबरोबर असेल तर लांबून हात करायचा. सेल्फीचा प्रश्न शेवटी, आधी बोला.

ऑफसाइड_काका:
अवांतर, पण राहवत नाही. आपण न ओळखता शेजारी बसलेलो असू शकतो ही एक वेगळीच गंमत आहे. दानिएले दे रोस्सी, इटलीच्या रोमा क्लबसाठी सहाशेच्या वर सामने, जानेवारी २०२० मधे खेळणं थांबवलं आणि त्याच महिन्यात रोमा-लाझिओ डर्बीला, म्हणजे एकाच शहरातल्या दोन क्लबांच्या मॅचला गेला. व्हीआयपी बॉक्समधे नाही, चेहऱ्यावर मेकअप करून, खोटं नाक, विग, दाढी, आणि थेट कुर्वा सूदमधे, जिथे रोमाचे कट्टर चाहते उभे असतात तिथे. मॅच १-१ सुटली. नंतर त्याच्या बायकोने व्हिडिओ टाकला तेव्हा जगाला कळलं. आता त्याच्या शेजारी जो उभा होता त्याचा विचार करा, त्या माणसाने नव्वद मिनिटांत कधीतरी नक्की म्हटलं असणार की आज दे रोस्सी पाहिजे होता मिडफिल्डला.

तिसरी_बेंच:
काका 😂 आणि त्याला गप्प बसावं लागलं असेल

नव्वद_अधिक_चार:
रोनाल्डोने पण केलेलं की वेष बदलून, २०१५ मधे मॅद्रिदच्या चौकात, दाढी विग लावून बॉल खेळत बसला होता, कोणी ढुंकून बघेना, शेवटी एक लहान पोरगा खेळायला आला त्याच्याबरोबर, मग बॉलवर सही करून विग काढला आणि एकदम झुंबड. पण ती जाहिरात होती, दे रोस्सीचं मनापासून होतं, म्हणून मला ते जास्त आवडतं.

कोरा_कार्ड:
बघा, दोघांनाही माणसांत नुसतं बसायला मिळावं म्हणून नाक चिकटवावं लागलं. ओपीच्या मिडफिल्डरला मात्र कोणी विचारलं नाही, तो खूषच असेल.

राखीव_खेळाडू:
सगळ्यांचे आभार, वाचून हलकं वाटलं. कोरा_कार्ड म्हणतो तसं मी पण स्वतःला समजावलं, की त्या दिवशी त्याच्याकडे सेल्फी न मागणारा मी एकटाच असेन. पण खरं सांगू, तो निवांत वगैरे नव्हता, पलीकडच्या रांगेत एक बाळ रडत होतं सारखं आणि ते त्याच्या मागच्याच खुर्चीवर. म्हणजे मी त्याला तिथेच पाठवलं.

बोर्डिंग सुरू झालं तेव्हा रांगेत तो माझ्यापुढे तिसरा होता. तिसरी_बेंच म्हणते तशी बारीक गोष्ट पण होती माझ्याकडे, एका मॅचमधे बदली म्हणून बाहेर जाताना तो सरळ बेंचकडे न जाता आधी बॉलबॉयच्या बुटाची लेस बांधायला थांबला होता, टीव्हीवर दोन सेकंद दिसलं असेल, मी विसरलो नाही कधी. वाक्य तयार केलं, दोनदा मनात म्हणून बघितलं. तेवढ्यात त्याने मागे वळून माझ्या बॅगेकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि म्हणाला, "सो नोबडी केम?"

मी म्हणालो "नो". यावेळी उत्तर बरोबर होतं निदान.

डावा_पाय:
अरे हे आधी का नाही लिहिलंस!!! म्हणजे तो बोलला की तुझ्याशी स्वतःहून

तिसरी_बेंच:
दोन वाक्यं बोललास तू त्याच्याशी. येस आणि नो. आणि त्याला तू लक्षात राहिलास, हे कोणाच्या नशिबात असतं का

हातमोजे_घातलेला:
लेसवालं वाक्य पत्रात लिहून त्याच्या जुन्या क्लबच्या पत्त्यावर पाठव. बरेच क्लब पुढे पोचवतात, मला एकदा सहा महिन्यांनी उत्तर आलेलं. आणि सुरुवातीलाच लिही की मी बॅगवाला.

राखीव_खेळाडू:
@हातमोजे_घातलेला हे खरंच करणारे. फक्त एक विनंती, हा धागा बाहेर कुठे शेअर करू नका प्लीज. घरी मी असं सांगितलंय की तो माझ्या शेजारीच बसला होता, पंधरा वीस मिनिटं गप्पा झाल्या, आणि फोनची बॅटरी संपली म्हणून फोटो काढता आला नाही.

हाफटाइम:
दादा, ती हिरवी बॅग माझी आहे, तू विचारून नेली होतीस. आणि चार्जर तिच्याच पुढच्या कप्प्यात होता.